लहानी हरवली तेव्हाचं गाव

माझी धाकटी बहीण हरवली ती मोह वेचायच्या दिवसांत. शिमगा होऊन गेला होता, झाडांची पानं झडली होती आणि रानात लांबवर दिसायचं. ती पाच वर्षांची होती. तिला चांगलं नाव होतं, पण घरात आणि गावात सगळे तिला लहानीच म्हणत. मी तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. आम्हा दोघींच्या मधली जी भावंडं झाली ती जगली नव्हती.

आमचं गाव तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडे, जंगलाला लागून. आम्ही ढिवर. बाबा गावच्या तलावात मासे धरायचे आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये धानाच्या रोवणीला जायचे. माय मोह वेचायची, तेंदूची पानं तोडायची, हिवाळ्यात शिंगाडे उकडून विकायची. तलाव मालगुजाराचा. मालगुजारी कायद्यानं गेली होती असं लोक सांगत, पण तलाव, मोठं घर आणि धाक जिथल्या तिथे होता.

मोहाची फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढलं की त्यांच्यावर गुरं, माकडं तुटून पडतात. म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली जावं लागे. एरवी माय लहानीलाही उचलून न्यायची आणि झाडाखाली गोधडीवर निजवायची. त्या दिवशी तिला खोकला होता. रात्रभर तिला आणि मायला झोप नव्हती. निघताना मायनं तिच्या अंगावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "निजू दे तिले. बाबा हाय." बाबा तिच्या शेजारीच घोरत होते. मी टोपली घेतली आणि आम्ही दोघी निघालो.

बाबा उठले तेव्हा शेजारची गोधडी रिकामी होती. रोजच असायची. माय पोरींना घेऊन गेली असेल असं समजून त्यांनी दाराला ताटी लावली, खांद्यावर जाळं टाकलं आणि तलावावर गेले. आम्ही ऊन चांगलं चढल्यावर परत आलो. ताटी लावलेली पाहून मायला वाटलं, बाबा तिला घेऊन तलावावर गेले. तेही कधी कधी नेत. डोंग्याच्या टोकाशी तिला बसवत आणि ती पाण्यात हात सोडून बसे. मायनं अंगणात मोह पसरला, चूल पेटवली, भात ठेवला. मला पाण्याला पाठवलं.

दुपारी बाबा आले. त्यांनी जाळं कुंपणावर टाकलं, पाय धुतले. हातात पळसाच्या पानात गुंडाळलेली दोन-तीन लहान मासोळ्या होत्या. म्हणाले, "लाहानी कुठी हाय वो? भाजून दे तिले."

माय चुलीपुढून म्हणाली, "तुमच्यासंगं नोती का?"

बाबा तसेच उभे राहिले. मायनं चुलीवरची हांडी उतरवली, तिच्यावर झाकण ठेवलं, चुलीतलं लाकूड ओढून मातीत विझवलं. मग उठली, बाबांच्या बाजूनं निघून रस्त्यावर आली आणि धावत सुटली.

समोरच्या घरची बाई त्या वेळी दारात बसून धान पाखडत होती. तिनं हे सगळं पाहिलं. पुढे कितीतरी दिवस गावात हेच ऐकू येत राहिलं. पोरगी नाही हे कळल्यावर हिनं आधी हांडी उतरवली. झाकली. मग निघाली.

गावानं शोधलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळं गाव शोधायला आलं. माणसं टिनाचे डबे बडवत मोहाच्या झाडांकडे गेली, कारण सगळ्यांचा एकच अंदाज होता की पोरगी जागी झाली असेल आणि मायच्या मागे निघाली असेल. बायांनी विहिरी पाहिल्या. रानातल्या टोल्यावरचे, म्हणजे लहान वस्तीवरचे, गोंड कुऱ्हाडी घेऊन आले आणि त्याच बाजूच्या नाल्यानाल्यानं हिंडले. दिवस मावळेपर्यंत रानात तिच्या नावाच्या हाका चालू होत्या. इतक्या माणसांनी तिचं खरं नाव घेतलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही गेले. कुणाला काही दिसलं नाही. एक पाऊल उमटलेलं नाही, एक चिंधी नाही. जमीन वाळून दगडासारखी झालेली, तिच्यावर काय उमटणार?

तिसऱ्या दिवशी माणसं आपापल्या कामाला लागली. त्यांचंही मोहावर पोट होतं. त्याच सकाळी बाबा डोंगा घेऊन तलावात शिरले.

मी पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभी होते. बाबा तुडुमापाशी गेले. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, तिथे सगळ्यात खोल. तिथे त्यांनी जाळं टाकलं, बसू दिलं, हळूहळू ओढलं. पुन्हा टाकलं. बाबांचं जाळं फेकणं पाहायला गावची पोरं जमत, इतकं ते गोल पडायचं. त्या दिवशी ते वाकडंतिकडं पडत होतं. पाळीवरून जाणारे लोक थांबायला लागले. एक जण ओरडला, "काय गा भाऊ, आजबी धंदा?"

बाबांनी वर पाहिलं नाही. काय सांगणार होते? मी माझ्या पोरीला धुंडाळतो आहे, हे पाण्यातून ओरडून सांगण्याची गोष्ट होती का? आणि तोंडातून शब्द काढला असता तर ती पाण्यात आहे असं त्यांनीच म्हटल्यासारखं झालं असतं. जाळ्यात मासे येत होते. आधी आधी ते परत पाण्यात सोडत होते. मग सोडायचं बंद केलं, डोंग्यात टाकत राहिले. उन्हं कलेपर्यंत त्यांनी सगळा तलाव, शिंगाड्याच्या वेलांखालचा काठसुद्धा, जाळ्यानं चाळून काढला.

घरी आले आणि माशांची टोपली खाली ठेवून मायला म्हणाले, "तलावात नाई."

एवढंच. माय भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं उठली, राखेत मासे घासून साफ केले आणि शिजवले. आम्ही तिघंही जेवलो. बाबांनी दोन घास खाल्ले असतील. मी पोटभर खाल्लं, मला भूक लागली होती. मासे शिजल्याचा वास लपत नाही. संध्याकाळपर्यंत गावाला ठाऊक झालं की पोरगी जाऊन तीन दिवस झाले नाहीत तर ढिवराच्या घरी मरळ शिजली.

माय रडत नव्हती, हे त्याहून वाईट. आमच्याकडे माणूस गेलं की बाया त्याचे गुण सांगत, सूर लावून रडतात. सगळ्या आळीला ऐकू जावं असं रडतात. ज्या बाईनं आम्हा सगळ्या भावंडांची बाळंतपणं केली होती ती म्हातारी सुईण चौथ्या दिवशी आमच्याकडे आली. मायजवळ बसली. तिचे स्वतःचे डोळे सुजले होते. लहानीवर तिचा फार जीव होता. जन्मली तेव्हा हालचाल करत नव्हती, तर हिनंच पाय धरून, पाठीवर मारून तिला रडवलं होतं.

म्हातारी म्हणाली, "रड वो बाई. रडल्यावाचून कसं होईन?"

माय म्हणाली, "कोनासाठी रडू? ते का मेली हाय?"

"मंग कुठी हाय?"

"मले काय माईत? पन मी रडली म्हंजे ते मेली. मी नाई रडत."

म्हातारी उठून गेली. बाहेर जाऊन तिनं जे सांगितलं ते एवढंच होतं, की मायच्या डोळ्यांत पाणी नाही. खोटं तिनं काही सांगितलं नाही. पण त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडून खरं तेच बाहेर पडत होतं. हांडी उतरवली हे खरं, मासे धरले आणि शिजवले हे खरं, रडली नाही हेही खरं. आणि माय पुन्हा मोह वेचायला जायला लागली हेसुद्धा खरं.

ती दररोज पहाटे निघायची. मला नेत नसे. मी एकदा मागोमाग गेले. ती झाडापाशी टोपली ठेवायची आणि तिथून वेगळ्या वेगळ्या दिशेला चालत जायची, झुडपांखाली वाकून पाहायची, हाक मारायची, परत यायची. आणि मग मोहही वेचायची. हे मी लपवणार नाही. टोपली भरून घरी आणायची. ते दिवस गेले असते तर पावसाळ्यात आम्ही काय खाल्लं असतं? पण तिला तेव्हा पावसाळा दिसत होता असंही मला वाटत नाही. खाली फूल दिसलं की हात आपोआप जात असेल.

मग गोष्टी सुरू झाल्या. आदल्या पावसाळ्यात तलावाची पाळ एका जागी फुटली होती आणि उन्हाळा लागायच्या आधी ती बांधून काढली होती. त्या कामावर बाबाही होते. जुनी माणसं सांगत की पाळ नुसत्या मातीनं धरत नाही, तिला काहीतरी द्यावं लागतं. आधी हे कुणी तरी नुसतं जुनं म्हणून सांगितलं असेल. दोन-चार दिवसांत ते आमच्या घराला चिकटलं. ढिवरानं पोरगी तलावाला दिली. म्हणून तर तिसऱ्या दिवशी तलावात उतरला, वर आली की काय ते पाहायला. कुणी म्हणे, मार्कंड्याच्या जत्रेत तो एका परक्या माणसाशी फार वेळ बोलत बसला होता, त्याला पोरगी देऊन टाकली. त्या जत्रेत आम्ही सगळे होतो. तो परका माणूस जाळ्याचं सूत विकत होता आणि लहानी बाबांच्या खांद्यावर बसून त्याच्या पागोट्याला हात लावत होती.

मालगुजाराच्या बाईनं मला एकदा घरात बोलावलं. आमच्यातलं कुणी त्या घरात ओसरीच्या पुढे कधी गेलं नव्हतं. तिनं मला आत नेलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि गोड आवाजात विचारायला लागली.

"तुह्या बाबाले लाहानी आवडे का नाई?"

"आवडे."

"मारे का कवा तिले?"

"नाई."

"तुही माय अन् बाबा भांडत का?"

सगळ्यांच्याच घरी भांडणं होतात, मी काय सांगणार? मी गुळाचा खडा हातात धरून उभी राहिले. तो हाताच्या घामानं विरघळायला लागला. तिनं पुन्हा विचारलं, "तू भेऊन राह्यली का? सांग बापू, मी कोनाले नाई सांगत." मी म्हटलं, "मले घरी जायचं हाय." बाहेर येऊन खडा गोठ्याजवळ टाकून दिला. घरी काही सांगितलं नाही.

पोलीस ठाण्यातून जमादार आला तो त्यानंतर. मोठ्या घराच्या ओसरीवर तो बाजेवर बसला होता, खाली अंगणात गाव. माय आणि बाबा समोर उभे. जमादार काही वाईट बोलत नव्हता. त्याला गावानं जे सांगितलं होतं ते तो एकेक विचारत होता.

"पोरगी नाई हे तुले दुपारी कळलं?"

"हो साहेब," बाबा म्हणाले.

"सकारपासून दुपारपर्यंत दोघांतल्या एकालेबी आठवन नाई आली?"

जमादारानं मायकडे पाहिलं.

"अन् तू? पोरगी गेली हे आयकल्यावर हांडी काऊन उतरवली?"

माय म्हणाली, "भात जरून गेला असता ना, साहेब."

मागे कुणी तरी हसलं. जोरात नाही, नाकातून. मला अजून वाटतं, मायनं त्या वेळी दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. हात आपोआप गेला, मला काही सुचलं नाही, मी भानावर नव्हते. पण तिला विचारलं होतं हांडी का उतरवली, तिनं ते का ते सांगितलं.

जमादार बाबांना घेऊन गेला. काही दिवसांनी त्यांना सोडलं. ते पायी चालत परत आले. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तिथे काय झालं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. आल्या आल्या तलावावर जाऊन आंघोळ केली आणि न्हाव्याकडे जाऊन दाढी करून घेतली, कारण त्या अवतारात त्यांना घरात यायचं नव्हतं. त्याचंही झालंच. पोरगी अजून मिळाली नाही आणि हा दाढी घोटून फिरतो आहे. कुणी म्हणालं, सुटला म्हणून खूश आहे.

विहिरीवर माय गेली की बाया बाजूला होत. पाणी भरू देत नव्हत्या असं नाही. उलट तिच्यासाठी जरुरीपेक्षा जास्त जागा करत. आमच्या मोहाच्या दोन झाडांखाली, जी आजोबांच्या वेळेपासून आमची म्हणून सगळ्यांना माहीत होती, दुसरीच कुणी तरी पहाटे येऊन वेचून जायला लागली. माय एक दिवस रिकामी टोपली घेऊन परत आली आणि ती तिनं पालथी घालून ठेवली. त्यानंतर ती फक्त शोधायला जायची.

घरात बोलणं बंद झालं होतं. भांडण नव्हतं. बाबा अंगणात बाज टाकून झोपत, लहानी झोपायची त्या जागेकडे पाठ करून जेवत. माय त्यांना वाढायची. तू का नेलं नाहीस, तुम्ही का पाहिलं नाही, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मी वाट पाहायची, आता विचारतील, आता एकमेकांना मारतील. काही झालं नाही. बाहेर एवढा कल्ला आणि घरात पानं वाळल्यासारखं शांत.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत ऊन असं होतं की जमिनीवर पाय ठेवला की चटका बसे. एक दिवस भर उन्हात एक गोंड जोडपं आमच्या दाराशी आलं. टेकडीच्या पलीकडच्या टोल्यावरचं. मालगुजाराकडे किंवा पाटलाकडे न जाता ते सरळ आमच्याकडे आले, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. माणूस कुंपणाशीच थांबला. बाई आत आली, मायच्या समोर उकिडवी बसली. तिला मराठी थोडं येत होतं. म्हणाली, "बाई, नाल्यात लेकरू हाय. लाहानसं. तुहं असन."

मायनं विचारलं, "कंबरंले काय हाय?"

"कारा दोरा. त्याले तांब्याचं कायी तरी हाय."

आजारपण फार म्हणून मायनं लहानीच्या करदोड्यात तांब्याची मोडकी कडी ओवली होती. माय उठली. बाबा कोतवालाला बोलवायला गेले. मला न्यायचं नाही म्हणाले. ती सगळी निघून गेली आणि मी घरात एकटी बसले, तेव्हा सुईण म्हातारी आली. तिनं काही विचारलं नाही. माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि पदरानं मला वारा घालत राहिली. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.

ते परत आले तेव्हा बाबांच्या हातात त्यांच्याच दुपट्ट्यात बांधलेलं गाठोडं होतं. फार हलकं असावं, ते डाव्या हातानं धरून चालत होते. लहानी मायच्या मागे गेलीच नव्हती. घराच्या मागच्या बाजूनं, शेळ्यांच्या वाटेनं, टेकडीला वळसा घालून अगदी उलट्या दिशेला गेली होती. एवढं लहान पोर एवढं चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं, म्हणून तिकडे कुणी गेलं नव्हतं. वाघानं नेली का, बिबट्यानं, का चालून चालून तहानेनं तिथे बसली आणि उठलीच नाही, हे कुणालाही सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं. जमादार पुन्हा आला, त्यानं रानटी जनावर म्हणून लिहून घेतलं. बाबांकडे पाहून म्हणाला, "आता कायी नाई, भाऊ. निपटलं." आणि गेला.

माय तेव्हा रडली. गाठोडं अंगणात ठेवलं होतं. ती त्याच्यापुढे बसली आणि आधी तिच्या तोंडून नुसता आवाज आला, शब्द नाहीत. मग शब्द आले. खोकला होता म्हणून तुला ठेवली, माझ्या बाई. निजू दे म्हटलं, माझ्या बाई. सगळ्या आळीला ऐकू गेलं. बाया आल्या. एकेक करत सगळं अंगण भरलं. समोरच्या घरची आली, मालगुजाराची बाईसुद्धा दाराबाहेर येऊन उभी राहिली. सगळ्या रडत होत्या आणि ते रडणं खरं होतं, त्यात काही सोंग नव्हतं. सुईण म्हातारीनं मायला मागून धरलं होतं आणि माय तिच्या अंगावर डोकं टाकून रडत होती. मी भिंतीपाशी होते. माझ्या मागे दोघी बोलत होत्या. त्यातली एक डोळे पुसत म्हणाली, "आता कशी मायसारकी रडली."

गावानं आम्हाला नंतर चांगलं वागवलं. घरोघरून भात-वरण आलं. विहिरीवर बाया मायची घागर स्वतः भरून देत. मोहाचा हंगाम संपला होता, पण झाडं तुमचीच, असं कुणी तरी येऊन सांगून गेलं. आम्ही चुकलो असं मात्र कुणी म्हणालं नाही. म्हणण्यासारखं काही घडलं आहे असं त्यांना वाटत नसावं. पोरगी हरवली होती, मिळाली. मधलं सगळं त्या शोधण्यातच धरलं गेलं.

तलावाचं पाणी उतरलं की जेठात सगळा तलाव मारायची रीत होती. सगळे ढिवर एकत्र जाळी टाकत आणि पुढे बाबा असत. मालगुजाराचा माणूस बोलवायला आला. बाबा म्हणाले, "माह्या हातानं होत नाई."

"हात बरा झाला ना गा?"

"नाई होत."

तो माणूस दोनदा आला. तिसऱ्यांदा गावातले चार मोठे लोक आले, अंगणात बसले. एक जण म्हणाला, "झालं ते झालं, भाऊ. किती दिवस रुसून राह्यशील?" बाबा त्यांच्यासमोर बसून होते, त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते लोक उठताना बोलले ते मी ऐकलं. गावानं एवढं केलं, याला त्याची किंमत नाही. मस्ती आहे.

मृगाच्या आधी आम्ही ते गाव सोडलं. मामाच्या गावाला गेलो, वैनगंगेच्या काठी, मार्कंड्यापासून जवळ. बाबा नदीत मासे धरायला लागले. हात पुढे बऱ्यापैकी वर जायला लागला, पण जाळं पूर्वीसारखं गोल कधी पडलं नाही. तिथे मला एक भाऊ झाला. मामानं मला शाळेत घातलं, मी पुढे शिकले, नोकरी लागली.

त्या गावात एका तरुण बाईचा मुलगा पुरात वाहून गेला. गाव त्याला शोधत होतं. दोन बाया धावत मायकडे आल्या. म्हणाल्या, "चाल वो, पाह्य तरी. पोरगा गेला अन् ते आरसा घेऊन केस इचरून राह्यली." माय भाकर थापत होती. ती म्हणाली, "इचरू द्या." बाया थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणखी काही म्हणेल म्हणून. मायनं पुढची भाकर थापायला घेतली. त्या गेल्या.

बाबा आधी गेले. त्यांच्यानंतर माय काही महिने माझ्याकडे येऊन राहिली, चंद्रपूरला. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती. एका दुपारी मी धीर करून विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. म्हटलं, "माय, तुला बाबांचा राग नाही आला? त्यांच्या शेजारून ती उठून गेली."

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती जराही थांबली नाही. जणू कुणीतरी कधीतरी विचारेल याची तयारीच होती.

"आला ना. रोज आला. त्याइले माह्या आला असन. म्या नेली असती तं गेली नसती, हे त्याइले का समजत नोतं?"

"मग तुम्ही बोललात का नाही?"

"काय बोलाव? लोकाइनं सारं बोलून टाकलं होतं. त्याइनं कायी म्हटलं असतं तं मले वाटलं असतं, हाबी लोकाइसारकाच बोलून राह्यला. माह्यं म्हननं बी त्याइले तसंच वाटलं असतं. मंग कायी उरलंच नाई आमच्यासाठी."

"कधीच नाही?"

"एकडाव म्हनले ते. मामाच्या घरी गेल्यावर. म्हनले, ताटी म्या बाहेरून लावली, पन पोरगी घरामांगं हाय का ते पाह्यलं नाई. म्या म्हटलं, जेवा."

बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मायनं हात पुढे करून माझ्या मांडीवरची मुलगी घेतली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिचं आंग गरम लागून राह्यलं. पाह्य बरं."